झाकलेल्या ताटाचं चित्र

फुलसावंगी,
दसऱ्याचा दुसरा दिवस

चिरंजीव रजत भाऊजी यांस,

साधनावहिनीचे अनेक आशीर्वाद. (रागावलेल्या दिराला आशीर्वाद द्यावेत की थोडे दिवस राखून ठेवावेत, याचा मी विचार केला. पण मोठ्या वहिनीला पत्राच्या सुरुवातीला दुसरं काही लिहिण्याची सोय नाही, म्हणून दिले आहेत. गोड मानून घ्या.) तब्येत कशी आहे? खोकला गेला का? यवतमाळच्या तुमच्या खानावळीत वरण अजून ताटभर पळतं, की आता जरा एका जागी थांबायला शिकलं? इकडे तुमच्या दादांचा गुडघा बरा आहे, गाय बरी आहे, मी बरी आहे आणि समीक्षा जरा जास्तच बरी आहे, ते पुढे येईलच. पाकीट पाहून दचकू नका, कोणी गेलेलं नाही. तुम्ही घरच्या ग्रुपमधून बाहेर पडलात, माझा फोन वाजून वाजून दमतो आणि समीक्षाच्या मेसेजवर त्या दोन निळ्या खुणा उमटतात, पुढे काहीच उमटत नाही. तेव्हा म्हटलं, पत्रच लिहावं. पोस्टमनला ब्लॉक करायची युक्ती अजून निघालेली नाही.

आधीच सांगून टाकते, हे पत्र तुम्हाला घरी बोलावण्यासाठी नाही. श्रावणात तुम्ही भरल्या ताटावरून उठून गेलात, तो तुम्हा दोघा भावांचा प्रश्न. कपाशीच्या किती ओळींनंतर तुरीची ओळ घ्यावी, यावर दोन शहाणी माणसं जेवताना भांडतात, हे मी माझ्या माहेरी मारेगावला सांगितलं असतं तर कोणाला खरं वाटलं नसतं. (तिकडेही कपाशी-तूरच आहे, पण ते लोक जेवताना जेवतात.) तुम्ही म्हणालात, ओळी दाट झाल्या, हवा खेळत नाही. तुम्ही कृषी केंद्रात बसता, येईल त्या शेतकऱ्याला सल्ला देता, ती सवय घरी येऊनही सुटत नाही. आणि तुमच्या दादांना सल्ला आवडत नाही असं नाही. फक्त तो त्यांनी दिलेला असावा लागतो. ते म्हणाले, “शनिवारी येऊन जेवणं सोपं असते, रजत. ताटावर बसून शेती शिकवू नको.” झालं. तुम्ही हात धुतले, पिशवी उचलली आणि सरळ एसटी स्टँड. गावात आम्ही सांगितलं की कृषी केंद्राचा सीझन आहे, भाऊजींना उसंत नाही. अजूनही तेच सांगतो. एवढा मोठा सीझन महाराष्ट्रात कोणत्याच दुकानाचा झाला नसेल.

तर पत्राचा विषय वेगळा आहे. विषय आहे समीक्षाचं चित्र. ती पुसदला चित्रकलेच्या वर्गाला जाते, हे तुम्हाला माहीत आहे. (तिला तिथे घालायचं म्हणून दादांशी भांडलात तुम्हीच. म्हणजे सराव जुना आहे.) त्यांच्या सरांनी मुलांना सांगितलं, घरातली रोजची एक वस्तू निवडा आणि तिचं चित्र काढा. माणूस नको, देव नको, डोंगर आणि सूर्य तर अजिबात नको. वस्तू आहे तशी, शांत. आता रोजची वस्तू म्हटल्यावर अर्ध्या वर्गाने काय आणावं? कंदील. कोणाच्या घरी आता रोज कंदील असतो, मला सांगा. एकाच्या काकांनी तो बाजारातून शोधून आणला आणि तोच आळीपाळीने सगळ्यांच्या घरी रोजचा झाला. उरलेल्यांनी काचेच्या कपाटातल्या पितळी घागरी काढल्या, चिंच लावून घासल्या आणि त्यांना साधं दिसायला बसवलं. आपल्या कार्टीने काय काढावं? ओट्यावर ठेवलेलं स्टीलचं ताट, आणि त्याच्यावर पालथं घातलेलं दुसरं ताट. बस. बाजूला लिंबू नाही, पाण्याचा गडवा नाही, एक मिरचीसुद्धा नाही. त्यातही वरचं ताट कोणतं, तर ते काठाला पोचा पडलेलं. माझ्या लग्नात आलेली चांगली जाड ताटं मांडणीवर रांगेत उभी होती, त्यांच्याकडे तिने ढुंकून पाहिलं नाही. मी म्हटलं, अगं, लोक पाहतील, मामाने दिलेलं ताट तरी काढ. तर म्हणे, आई, त्या ताटांना काही झालेलंच नाही.

ते ताट तुमचं आहे, हे तुम्हाला कळलंच असेल. शनिवारी दुपारी तुमची गाडी यायची वेळ झाली की तुमचं ताट वाढलं जातं आणि झाकून ओट्यावर ठेवलं जातं. तुम्ही येत नाही. याचा फार अर्थ लावत बसू नका. घराला एकदा लागलेली सवय आहे, इतकंच. तर त्या ताटासमोर समीक्षा कागद घेऊन पाटावर बसायची आणि आम्हा सगळ्यांना स्वयंपाकघरात यायची बंदी. मी माझ्याच घरात पोळपाट न्यायला भिंतीला धरून चालत होते. उजेडात उभी राहू नकोस, ताटाला हात लावू नकोस, खिडकीची फळी हलवू नकोस. ताटाला मात्र काही बोलायचं नाही. ते आपलं तुमच्यासारखं गप्प. एका चित्राला किती शनिवार लागतात, याची मला कल्पना नव्हती. लग्नाचा फोटोग्राफरसुद्धा नवरा-नवरीला इतकं बसवून ठेवत नाही, आणि तिथे तर माणसं हलतात.

पुढे पुसदला त्यांच्या वर्गाने एका हॉलमध्ये सगळी चित्रं मांडली. आम्ही दोघे इस्त्रीचे कपडे घालून गेलो. लोक कंदिलापाशी थांबत होते, घागरीपाशी फोटो काढत होते, आणि आपल्या ताटापाशी आले की जरा पाहून, कोणी बघत नाही ना याचा अंदाज घेऊन पुढे सरकत होते. त्यांचे सर मात्र आम्हाला तिथे घेऊन गेले आणि म्हणाले, या चित्रात शांतता आहे. तुमच्या दादांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि मान डोलावली. परतीच्या गाडीत मात्र त्यांनी मला महागाव येईपर्यंत तेच विचारलं की शांतता नेमकी कुठे होती, डाव्या बाजूला की उजव्या. त्यांचं म्हणणं, “ताट झाकून काढलं तं आत काय आहे हे कोणाले समजन? उघडं काढलं असतं तं भाजी तरी दिसली असती.” चित्राला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. उत्तेजन कोणाला, पोरीला की ताटाला, असंही त्यांनी विचारलं. पण घरी आल्यावर हातोडी शोधून खिळा ठोकला त्यांनीच. बैठकीत, तुमच्या बाबांच्या फोटोच्या शेजारी. खिळा तिरपा गेला आहे, त्यामुळे ताट जरा उताराला लागल्यासारखं दिसतं, पण आता त्याला हात लावायची कोणाची हिंमत नाही.

आणि मग आल्या भुलाबाई. तुम्हाला माहीत आहे, आपल्याकडे या दिवसांत संध्याकाळी पोरीबाळी आणि त्यांच्या मागोमाग त्यांच्यापेक्षा जास्त उत्साहाने त्यांच्या आया घरोघर येतात, गाणी म्हणतात आणि शेवटी झाकलेला खाऊ ओळखतात. तुम्ही लहानपणी दाराआडून बायांना खाऊ सांगून टाकायचात आणि मार खायचात, असं सासूबाई सांगायच्या. तर यंदा आपल्या घरी सगळ्या जमल्या, गाणी झाली, मी आत खाऊचा डबा आणायला गेले. परत येते तो बाया माझ्याकडे पाठ करून भिंतीसमोर उभ्या. जन्मभर झाकलेलं भांडं दिसलं की ओळखायचं, एवढंच शिकलेल्या आम्ही. समोर झाकलेलं ताट दिसल्यावर दुसरं काय होणार? एक म्हणाली फुटाणे. एक म्हणाली भिजवलेली डाळ. एक म्हणाली, ताट पसरट आहे, वड्याच असतील. शेजारच्या चंदाबाईंचं समाधान होईना. त्यांनी चित्र खिळ्यावरून काढलं, कानाजवळ नेलं आणि हलवून पाहिलं. (फ्रेमची मागची पट्टी सैल आहे, ती वाजली. मग त्या छातीठोकपणे म्हणाल्या, शेंगदाणे.) शेवटी सगळ्यांनी समीक्षाला घेरलं की तूच काढलंस, तूच सांग. ती म्हणाली, मी वरचंच काढलं, आत मी पाहिलं नाही. एवढ्या बाया एकदम नाराज झालेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. ओळखायला लावायचं आणि उघडायचं नाही, हे भुलाबाईच्या नियमात बसत नाही. मी आणलेली खरी वाटली डाळ त्यांनी खाल्ली, पण मन भिंतीवर होतं.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी होतं. मग चंदाबाईंनी दुसरा प्रश्न काढला: ताट झाकून ठेवलंय ते कोणाचं? प्रश्न साधा होता. पण मी तुमच्या सीझनला बांधलेली. तुमचं नाव घेतलं असतं तर सीझन संपला असता. म्हणून मी म्हटलं, कोणाचं नाही, असंच. भाऊजी, “असंच” हा शब्द मी आयुष्यात पुन्हा वापरणार नाही. बाईच्या घरात ताट झाकलेलं, बाई म्हणते कोणाचं नाही, आणि म्हणताना पदर सारखा करते. याचा अर्थ काढायला आपल्या गल्लीला कितीसा वेळ लागणार? दुसऱ्या दिवशी सकाळी मी झाडायला बाहेर आले तेव्हा गावात नक्की झालं होतं की आमचे बबनराव घरी जेवत नाहीत, नवरा-बायकोचा अबोला आहे, साधना रोज ताट झाकून वाट पाहते, आणि पोरीने बिचारीने जगाला कळावं म्हणून चित्र काढलं. पिठाच्या गिरणीत माझा नंबर नसताना माझं दळण आधी घेतलं. एकीने माझा हात दाबला. आणि दुपारी मारेगावहून आईचा फोन. ती आधी पाचच मिनिटं बोलणार होती, पण रडण्यातच तेवढी गेली. जावईबापू जेवतात कुठे, एवढंच तिला कळायला हवं होतं. मी म्हटलं, आई, ते इथेच माझ्यासमोर जेवत आहेत, तिसरी भाकर मोडून राह्यले. तर म्हणाली, समोर बसले आहेत म्हणून तू मोकळं बोलत नाहीस ना?

त्यावर कळस म्हणजे बापूजी आले. आपले तंटे मिटवणारे बापूजी, धोतर, काठी आणि घसा साफ करणं, सगळ्या तयारीनिशी. मी चहा टाकायला आत गेले आणि (खोटं कशाला बोलू) दाराआड उभी राहिले. बापूजी चित्रासमोरच्या खुर्चीवर बसले आणि थेट मुद्द्यावर न येता अन्नावर आले. ताटावर राग काढू नये म्हणाले. रागाच्या भरात तोंडातून शब्द जातो आणि मग घरातलं माणूस असून नसल्यासारखं होतं म्हणाले. मोठ्या माणसाने आधी नमतं घ्यावं, त्यात कमीपणा नाही म्हणाले. त्यांच्या मनात मी होते. तुमच्या दादांच्या मनात कोण होतं, हे मला बापूजींच्या दुसऱ्या वाक्यालाच कळलं, कारण दादा चित्राकडे पाहत होते आणि त्यांनी हातातली सुपारी कातरायची थांबवली होती. मला वाटलं, आता ते चिडतील, बापूजींना विचारतील की तुम्हाला कोणी सांगितलं. ते चिडले नाहीत. खाली मान घालून म्हणाले, “हाव बापूजी. मी नव्हतं बोलाले पाह्यजे. जेवता माणूस उठवला मी.”

बापूजींचा तंटा इतक्या लवकर कधी मिटला नसेल. ते इतके खूश झाले की त्यांनी लगेच पुढची पायरी सांगितली, मंग आता तिले तसं सांगून टाक. तुमच्या दादांनी विचारलं, कोणाले? बापूजी म्हणाले, कोणाले म्हणजे, साधनाले. हे म्हणाले, तिले कायले? तिले तं सगळं माहीत आहे. बापूजींनी काठी या हातातून त्या हातात घेतली. मी त्या क्षणी चहा घेऊन बाहेर गेले, कारण अजून थोडा वेळ गेला असता तर बापूजींनी आमचं पुन्हा लग्न लावून दिलं असतं. चहा पिताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, पोरी, माणूस मनाचा चांगला आहे, सांभाळून घे. मी म्हटलं, घेते. गावात आता आमचा समेट झाला आहे. चंदाबाई परवा गूळ घेऊन आल्या होत्या. न झालेल्या भांडणाचा गोडवा फार लागतो, हे मला नवीनच कळलं.

पण भाऊजी, मला त्या वाक्याचं हसू आलं नाही. इतक्या वर्षांच्या संसारात या माणसाने चूक झाली असं म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही. मिठाचा डबा सांडला तरी डब्याचं झाकण वाईट असतं. आणि ते बापूजींसमोर बोलले, तेही बापूजींना वेगळंच कळत असताना. तुमच्यासमोर त्यांना बोलता येत नाही. मला त्यांचं वाईट वाटलं आणि तुमचा रागही आला. दोन्ही एकदम होतं, मी खोटं लिहीत नाही.

शेताचं तुम्हाला सांगायचं नव्हतं, पण आता पेन हातात आहेच. कपाशी फुटली आहे. धुऱ्यावर उभं राहिलं की खालच्या बाजूने सगळं पांढरं दिसतं. (ओळी दाट होत्या की नव्हत्या, यावर कपाशीने काही मत दिलेलं नाही.) आजूबाजूच्या वेचण्या सुरू झाल्या, आपली वेचणीआधीची सीतादहीची पूजाही अजून झालेली नाही. तुमच्या दादांना रोज नवं कारण सापडतं. एक दिवस दव वाळलं नाही, एक दिवस बारदाना उन्हात टाकायचा राहिला, एक दिवस म्हणे वार चांगला नाही, तेव्हा गुरुवार होता. वेचणाऱ्या बायांची नंदाबाई रोज दारावरून आवाज देते की केव्हा सुरू करता, नाही तर मी माझ्या बाया दुसऱ्याच्या शेतात नेते. आभाळ दुपारनंतर भरून येतं. एक सर आली तर फुटलेला कापूस बोंडातच भिजेल, हे मी त्यांना सांगायची गरज नाही. पण आपल्या घरात सीतादहीचा दहीभात शेताच्या कोपऱ्यात टाकायचा मान धाकट्याचा, आणि तो दुसऱ्या कोणी टाकायचा हे त्यांच्याने होत नाही. काल मी म्हटलं, समीक्षा टाकेल. ते म्हणाले, टाकेल, उद्या पाहू. मग बैलांचं पाणी पाहायला गेले. बैल आपण मागच्याच वर्षी विकले.

आता राहिलं चित्र. तुम्हाला वाटेल वहिनीने सगळ्यांची थट्टा केली, स्वतः काय पाहिलं ते सांगितलं नाही. तर सांगते. बापूजी गेले, हे शेताकडे गेले, समीक्षा पुसदला होती, आणि मी पहिल्यांदा त्या चित्रासमोर काही काम हातात न घेता बसले. मला आधी फक्त पोचाच दिसायचा आणि लाज वाटायची. त्या दिवशी पाहिलं तर त्या पोच्यातच सगळा उजेड साठला आहे. खिडकीतून येतो, काठावरून सरळ जात असतो आणि पोच्यापाशी येऊन जरा थबकतो, वाकतो. बाकीचं ताट राखाडी आहे, पण नुसतं राखाडी नाही. त्यात ओट्याचा काळा आहे, भिंतीचा पिवळा आहे, एका बाजूला निळसर काही आहे. ते मी रोज घासते, मला त्यात कधी निळं दिसलं नव्हतं. आणि दोन ताटांचे काठ नीट बसत नाहीत, तिथे एक बारीक फट आहे. त्या फटीतून भाकरीचा कडेचा पापुद्रा बाहेर आला आहे. कोणालाच दिसला नव्हता, भुलाबाईच्या एवढ्या बाया ओळखत होत्या त्यांनाही नाही. मी किती वेळ बसले मला माहीत नाही. घरात तेव्हा काही आवाज नव्हता, आणि मला वाटलं, त्यांचे सर म्हणत होते ती हीच असावी. डावी-उजवी काही सांगता यायची नाही, पण होती. मला ते चित्र आवडलं, भाऊजी. मी समीक्षाला अजून सांगितलेलं नाही, ती डोक्यावर बसेल.

तर एवढंच. तुमच्या रागाचा मान राखून पत्र इथे संपवते. सीझन संपला नसेल तर काही म्हणणं नाही. दुकान आधी, घर काय, कुठे जातं? खोकल्यासाठी हळद-दूध घ्या, खानावळीतलं तूप खाऊ नका, आणि रात्री पंख्याखाली झोपू नका. समीक्षा नमस्कार सांगते. तुमचे दादा काही सांगत नाहीत.

तुमची,
साधनावहिनी

ता. क. मूळ काम लिहायचं राहिलंच. आखाडात तुमच्यासोबत कापण्या दिल्या होत्या तो कडीचा डबा माझा आहे, त्यावर माझ्या मामाचं नाव कोरलेलं आहे. तो परत पाहिजे. हे सगळं पत्र मुळात त्यासाठीच आहे असं समजा. डबा पोस्टाने पाठवू नये, एसटीत कंडक्टरजवळही देऊ नये, पोचे पडतात. ज्याने नेला त्याने हातात धरून आणावा. या शनिवारी मी घरीच आहे.

ता. क. २. अजून एक. वर मी “ताट वाढलं जातं, झाकून ठेवलं जातं” असं सरकारी नोटिशीसारखं लिहिलं आहे, ते तुमच्या लक्षात आलं असेल-नसेल. ताट मी झाकत नाही. मी तुमच्यावर रागावले होते. मी केलेल्या अन्नावरून तुम्ही उठलात, मला लागलं होतं, आणि त्यानंतरच्या पहिल्या शनिवारी मी तुमचं ताट मांडलंच नाही. ज्या माणसाने लग्नापासून स्वतःच्या हाताने पाणी घेतलं नाही, त्याने उठून ताट घेतलं, भाजी जास्त, भात कमी, तुम्हाला लागतं तसं वाढलं आणि वर दुसरं ताट पालथं घातलं. तेव्हापासून हे दर शनिवारी चालतं. संध्याकाळी अन्न वाया जाऊ नये म्हणून तेच ते खातात, म्हणून शनिवारचं त्यांचं जेवण दोनदा होतं आणि इस्त्रीच्या सदऱ्याचं शेवटचं बटण आता लागत नाही. समीक्षाला हे सगळं माहीत होतं. वरच्या ताटाच्या गोलात एक पुसट पांढरा ठिपका आहे, तो मी चिंधी ओली करून पुसायला निघाले होते. ती म्हणाली, राहू दे आई, ते बाबा आहेत, दारात बनियनवर उभे होते.

ता. क. ३. रजत, अक्षर वेगळं आहे ते ओळखशील. पाकीट पोस्टात टाकाले मीच चाललो म्हणून वाचलं. तुह्यी वहिनी वाढवून लिहिते. बटण लागते. ताट मी झाकतो ते मांजरीमुळं, घरात मांजरं लय झाली. बापूजीजवळ जे बोललो तेवढं मात्र खरं आहे, ते तिनं बरोबर लिहिलं. तुरीच्या ओळीचं शेतात उभं राहून पाहू, तू सांग, मी ऐकतो. शनिवारी ये. शनिवारी नसन जमत तं रविवारी ये.